गाडीचं औक्षण आणि गाडीची किल्ली

दसऱ्याच्या दिवशी गाड्यांच्या शोरूमसमोर पाच मिनिटं उभं राहून बघा. नवी कोरी गाडी, बॉनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. समोर ठेवणीतली साडी नेसलेली घरची लक्ष्मी, हातात औक्षणाचं ताट. ती गाडीवर कुंकवाचं स्वस्तिक काढते, ओवाळते. मग फोटो! शोरूमवाले पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली देतात, ती यजमानांच्या हातात. बाईंच्या हातात पेढ्यांचा बॉक्स. फोटो झाला की यजमान स्टीअरिंगवर, शेजारी सासरे नाहीतर मोठे दीर आणि बाई मागे, मांडीवर ताट आणि ताटावर पडणारं धाकटं पोर सांभाळत.

नावं ठेवायची म्हणून सांगत नाही हं. माझाही अगदी असाच फोटो आमच्या हॉलमध्ये लावलेला आहे. पण मैत्रिणींनो, हल्ली तो फोटो पाहिला की मला माझ्या आईच्या पाटल्या आठवतात.

माझ्या माहेरी पहिली गाडी आली १९८९ साली. मी अकरा वर्षांची होते. क्रीम रंगाची सेकंडहँड प्रीमिअर पद्मिनी, पण गावात सगळे तिला ‘फियाट’च म्हणायचे. ही गाडी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. तो उद्योग उभा केला वालचंद हिराचंद यांनी आणि ते जन्माने आमच्या सोलापूरचे. त्यामुळे आमच्या दादांना (म्हणजे वडिलांना) तिचा जरा जास्तच अभिमान. गिअरचा दांडा स्टीअरिंगलाच. थंडीत चोक ओढून ओढून दादांचा हात दुखायचा आणि तरी गाडी चालू झाली नाही की आम्ही भावंडं धक्का मारायला पळायचो. तुळजापूरला जाताना घाटात हटकून तापायची. मग दगड लावून गाडी थांबवायची, आईनं बरोबर घेतलेल्या दशम्या तिथंच सोडायच्या आणि बॉनेट थंड होईपर्यंत खायच्या. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीही त्याच जातीच्या. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्यातली शेवटची टॅक्सी रस्त्यावरून गेली, ही बातमी वाचून मला घरचं कुणी गेल्यासारखं वाटलं होतं.

गाडी पडली छत्तीस हजारांना. दादांकडे वीस होते. चार पतपेढीतून काढले. उरलेले बारा हजार आईच्या चार तोळ्यांच्या पाटल्यांचे. तेव्हा सोनं तोळ्याला तीन हजारांच्या आसपास होतं. आईनं पाटल्या काढून दिल्या आणि त्या दिवशी शिरा केला. आम्हाला वाटलं, गाडी आली म्हणून गोड आहे.

ती गाडी दहा वर्षं आमच्याकडे होती. या दहा वर्षांत आई पुढच्या सीटवर किती वेळा बसली असेल? मी आठवून आठवून पाहिलं. एकदाही नाही. पुढे आजोबा, ते नसले तर काका, ते नसले तर दादांचे मित्र. १९९९ मध्ये फियाट भंगारात आठ हजारांना गेली आणि त्या पैशांतून घराचं पत्रं बदललं. पाटल्यांचा विषय कुणी काढला नाही. आईनंही नाही. २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याचा भाव लाखाच्या पुढे गेला, तेव्हा मी वहीत सहज चार तोळ्यांचा हिशोब मांडला आणि वही मिटून ठेवली.

तुम्ही म्हणाल, जुन्या काळची गोष्ट आहे, तेव्हा असंच होतं. तर मग त्याहून जुनी गोष्ट सांगते. जगातली पहिली मोटार म्हणून जिचं नाव घेतात, ती जर्मनीत कार्ल बेंझ यांनी तयार केली. १८८६ मध्ये तिचं पेटंट झालं. पण कार्लसाहेबांच्या धंद्यात सुरुवातीला पैसा घातला तो त्यांच्या होणाऱ्या बायकोनं, बर्थानं! तिला माहेरून मिळणारा हुंडा तिनं लग्नाआधीच मागून घेतला आणि याच्या कारखान्यात ओतला. गाडी तयार झाली, पण लोकांचा विश्वास बसेना. नवरा लाजाळू. मग १८८८ च्या ऑगस्टमध्ये एका पहाटे बर्थाबाईंनी नवऱ्याला न विचारता दोन मुलांना बरोबर घेतलं, गाडी बाहेर काढली आणि मॅनहाइमहून निघाल्या थेट माहेरी, फोर्झहाइमला. शंभर किलोमीटरच्या वर अंतर! इतक्या लांब मोटारीनं तोवर कुणी गेलं नव्हतं. वाटेत इंधन संपलं, ते औषधाच्या दुकानातून घेतलं. नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेनं साफ केली. तार उघडी पडली, तिच्यावर मोज्यांचा पट्टा गुंडाळला. ब्रेक झिजले, तर चांभाराकडून कातडं ठोकून घेतलं. चढावर मुलांनी धक्का मारला. (हे वाचताना मला आमची फियाटच आठवली.) माहेरी पोहोचल्यावर तिनं नवऱ्याला तार केली. त्या प्रवासानंतर गाडीची चर्चा सगळीकडे झाली. पेटंटवर मात्र तिचं नाव नव्हतं.

म्हणजे पहिल्या गाडीपासूनच पैसा बाईचा आणि कागद बुवांचा!

आपल्याकडे मारुती ८०० आली तेव्हाचं चित्र तर फारच बोलकं आहे. १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या गाडीची किल्ली पंतप्रधान इंदिरा गांधींनी स्वतःच्या हातानं दिली. देशाच्या मध्यमवर्गाला गाडीची किल्ली एका बाईनंच दिली की! पुढं त्या किल्लीचं घराघरात काय झालं, ते आपण जाणतोच.

आमच्याकडे मारुती ८०० आली २००७ मध्ये. तीही सेकंडहँड, २००१ चं मॉडेल. तेव्हा मोठ्या हौसेनं मी एकवीस दिवसांचा क्लास लावला, सोलापूरला जाऊन लायसन्स काढलं, कॉलनीत साखर वाटली. घरी आल्यावर दोनदा गाडी हातात घेतली. पहिल्यांदा गल्लीत बंद पडली. दुसऱ्यांदा कठड्याला घासली. ‘हे’ काही बोलले नाहीत, फक्त उतरून ओरखडा पाहत राहिले. बस्स! तेवढं पुरलं. लायसन्स कपाटात गेलं, साड्यांच्या घडीखाली.

ते तिथंच सात वर्षं होतं. २०१४ च्या पावसाळ्यात एका रात्री सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या. हे कामासाठी नागपूरला. मुलगी सहावीत. गाडी दारात, किल्ली खिळ्याला, पेट्रोल भरलेलं. सासूबाई कण्हत म्हणाल्या, “अगं, गाडी आहे ना दारात?” मी काय बोलणार? पाऊण तासानं शेजारच्या भाऊजींनी कुठून तरी रिक्षा आणली. खुब्याचं हाड मोडलं होतं. रिक्षा खड्ड्यात गेली की त्या माझा दंड आवळायच्या. त्या बोटांच्या खुणा आठवडाभर होत्या. (अशा वेळी खरं तर १०८ लाच फोन करावा, मोडलेलं हाड असं हलवू नये. ती सेवा आपल्याकडे त्याच वर्षी सुरू झाली होती, पण मला नंबर सुचला नाही.)

त्यानंतर महिनाभरात मी मार्केट यार्डाच्या मोकळ्या मैदानात पहाटे जाऊन पुन्हा पहिल्यापासून शिकले. वय छत्तीस. हे शेजारी बसायचे आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त घाम फुटायचा. पण शिकवलं त्यांनी. सासूबाईंना तपासणीला मी स्वतः चालवत नेलं, तेव्हा त्या पुढच्या सीटवर बसल्या. डोळे गच्च मिटून! पण बसल्या.

हे एवढं पुराण का लावलं? कारण आमच्या बचत गटाच्या बैठकीत सध्या गाडीचा विषय सारखा निघतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून तर घरोघरी ‘घेऊन टाकू’ चालू आहे. घ्या ना, जरूर घ्या. गाडी ही आता चैन राहिलेली नाही. पण आमच्या गटातल्या एका ताईंचं जे झालं, ते ऐकून घ्या.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या एकत्र घरात दुकानाचा माल आणायला म्हणून गाडी घेतली. डाउन पेमेंटसाठी ताईंचं गंठण गहाण पडलं. गाडी दिराच्या नावावर, कारण ‘लायसन्स त्याच्याकडे आहे’. कर्जाच्या कागदांवर सहकर्जदार म्हणून ताईंची सही. कुठं सही केली हे त्यांना ठाऊक होतं, कशावर केली हे नव्हतं. दीड वर्षानं भाऊ-भाऊ वेगळे झाले, दीर गाडी घेऊन पुण्याला गेले. हप्ते थांबले आणि वसुलीचे फोन यायला लागले ताईंच्या मोबाइलवर. “मी त्या गाडीत चार वेळा बसले असेन हो,” असं त्या बैठकीत म्हणाल्या आणि सगळ्या गप्प झाल्या. त्यांचं गंठण अजून सुटलेलं नाही.

म्हणून माझं आता ठाम मत झालंय. गाडीसाठी आपलं सोनं, आपली भिशी किंवा आपली सही लागणार असेल, तर आरसी बुकावरच्या नावाची चर्चा रंगाच्या चर्चेआधी झाली पाहिजे. ‘सहकर्जदार’ या शब्दाचा अर्थ मदतनीस नव्हे. मुख्य कर्जदारानं पैसे भरले नाहीत तर पूर्ण रक्कम तुमच्याकडून मागता येते. जामीनदाराचंही तेच. सही करायला नाही म्हणू नका, पण घरी आणून, चहा करून, वाचून मग करा. कुणी घाई केली तर समजा की वाचायलाच हवं.

आता इथं एक गंमत आहे. ‘गाडी बायकोच्या नावावर घेऊ, व्याजात सूट मिळते’ असंही बरेच जण म्हणतात. काही बँका देतातही थोडी सूट. चांगलंच आहे. पण नुसतं नाव आणि लायसन्स नाही, असं करू नका. गाडीच्या विम्यात मालक-चालकासाठी अपघाती विमा असतो. २०१८ पासून तो १५ लाखांचा आहे. तो मिळतो कुणाला? गाडी ज्याच्या नावावर आहे त्याला, आणि त्याच्याकडे चालू लायसन्स असेल तरच. गाडी तुमच्या नावावर, लायसन्स यजमानांकडे, तर हे १५ लाखांचं कवच दोघांपैकी कुणालाच नाही! नाव आणि लायसन्स जोडीनं हवं. आणि गाडी यजमानांच्याच नावावर राहणार असेल, तर आरसीवर वारस म्हणून तुमचं नाव लावून घ्या. २०२१ पासून ती सोय झाली आहे. आमच्या ओळखीत एका वहिनींना यजमान गेल्यावर दारातली गाडी नावावर करून घ्यायला आठ महिने हेलपाटे घालावे लागले.

चाळिशी उलटली म्हणून शिकायचं राहिलं, हे कारण मुळीच चालणार नाही. चाळिशीनंतर डॉक्टरांचा एक दाखला लागतो, इतकंच. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. माझं ऐकाल तर गाडी बुक करायच्या आधी क्लास लावा. चालवता येऊ लागलं की कोणती गाडी घ्यायची याचं तुमचं मतही बदलतं. माझं बदललं. आधी मला गाडीचा रंग आणि सीट कव्हर दिसायचं. आता शोरूममध्ये गेले की मी थेट ड्रायव्हरच्या सीटवर बसते. साडी नेसूनच बसायचं, कारण रोज तीच नेसतो. क्लच पूर्ण दाबला जातो का? बॉनेटची कड दिसते का? सीट वर-खाली होते का? आपली उंची पाच फुटांच्या आसपास, गाडी मात्र सहाफुटी माणसाला बसवून दाखवतात! सासूबाईंना गुडघा न वाकवता चढता येतं का, हेही बघा. सीएनजी घेणार असाल तर डिकी उघडून बघाच. टाकी निम्मी डिकी खाते आणि लग्नाला निघताना बॅगा मांडीवर येतात.

पैशाचं गणित घरखर्चाच्या वहीत मांडा. शोरूमच्या पाटीवरची किंमत म्हणजे गाडीची किंमत नव्हे. रोड टॅक्स, रजिस्ट्रेशन, विमा धरून ‘ऑन रोड’ किती, ते विचारा. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावाच लागतो, तो त्यातच आला. मग हप्ता. समजा, चार लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी घेतलं. पाच वर्षांत फेडलं तर हप्ता साधारण ८,४०० रुपये आणि एकूण व्याज सुमारे १ लाख ४ हजार. ‘वहिनी, सात वर्षं करा, हप्ता हलका होईल’ असं सेल्समन गोड बोलून सांगतो. हप्ता होतो साधारण ६,५४०, पण व्याज जातं १ लाख ४९ हजारांवर. आणि कुणी ‘फ्लॅट’ साडेनऊ टक्के म्हणालं तर कान टवकारा. फ्लॅटमध्ये फेडलेल्या रकमेवरही शेवटपर्यंत व्याज लागतं. त्याच चार लाखांना पाच वर्षांत १ लाख ९० हजार! ‘रिड्युसिंग आहे का?’ एवढे तीन शब्द पाठ करून जा.

गाडी म्हणजे सोनं नव्हे, हेही वहीत मोठ्या अक्षरात लिहा. विमा कंपनीच्या कोष्टकातच चार ते पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्म्यावर येते. म्हणून पाटल्या विकून गाडी नको. जमलं तर दोन वर्षं गाडीच्या हप्त्याइतकी रक्कम आधी आरडीत टाकून बघा. ती टाकताना ओढाताण झाली तर गाडीचीही होईल, आणि न झाली तर डाउन पेमेंट तयार.

सेकंडहँडला नाक मुरडू नका. शिकाऊ हातांना पहिली गाडी जुनीच बरी, ओरखड्याचं दुःख होत नाही. फक्त एअरबॅग आणि एबीएस आहे का, ते बघा. नव्या गाड्यांना दोन्ही २०१९ मध्ये सक्तीचं झालं, त्याआधीच्या पुष्कळ गाड्यांत नाही. गाडी पाहायला सकाळी जा आणि इंजिन गार असताना चालू करायला सांगा. गरम इंजिन सगळी दुखणी लपवतं. पायाखालचं मॅट उचलून गंज आणि कुबट वास बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला चिखलाचे डाग असले तर गाडी पाण्यात बुडालेली असू शकते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात महापूर आला, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्याखाली होत्या, विसरू नका. गाडीवरचा चासी नंबर आरसीशी जुळवा. बँकेचा बोजा, विमा, थकलेली चलानं हे सगळं सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर दिसतं. मुलांना सांगा, दोन मिनिटांत काढून देतील. आणि फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होऊन गाडी तीस दिवसांत नावावर करून घ्या.

उलट आपली जुनी गाडी विकताना तर जास्त जपा. ‘करून घेईन नावावर’ म्हणून घेणारा घेऊन जातो आणि विसरतो. कागदावर मालक तुम्हीच राहता. त्या गाडीनं अपघात केला तर भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. कर्ज फिटल्यावरही बँकेचा नाहरकत दाखला आणि फॉर्म ३५ आरटीओत देऊन बोजा उतरवून घ्या. आमच्या घरी तो दाखला तीन वर्षं देवघराच्या कपाटात पूजेच्या सुपाऱ्यांबरोबर पडून होता, आता हसू येतं.

राहिलं एकच. गाडी कुणीही चालवो, धाकट्याला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसू नका. एअरबॅग फुटली तर ती मुलावरच आदळते. मागे बसलात तरी पट्टा लावा आणि दार लावताना पदर आत ओढा.

या रविवारी सकाळी साडेसहाला मार्केट यार्डात आमच्या गटातल्या तिघी येणार आहेत. तिघींची शिकाऊ लायसन्सं झाली आहेत. गाडी माझी, पेट्रोल तिघींनी वाटून घालायचं. त्या गंठणवाल्या ताईंचा नंबर पहिला लागलाय. ‘एल’चा लाल बोर्ड मी लेकीकडून करून घेतला आहे. पुढच्या आणि मागच्या काचेवर तो चिकटवायचा, एवढंच काम उरलंय.